दोन शिट्या

"आयकलां? तो पांजरो उडयात आनी नवो हाडात. फरशेर तांबडे डाग पडले!"

पिंजरा फेका आणि नवा आणा, हे देवकीचं वाक्य सकाळपासून तिसऱ्यांदा आलं. कृष्णनाथने मान वर केली नाही. घरापुढच्या सोप्यावर वर्तमानपत्र पसरून, पिंजरा मांड्यांत धरून तो पॉलिश पेपरने एकेक तार घासत होता. गंजाची पूड त्याच्या बनियनवर, भुवयांवर आणि चहाच्या कपातही पडली होती.

"नवो कित्याक गो? तारो अजून घट आसत. रंग मारलो काय चकचकीत."

"रंग खंयसून हाडतलात?"

"जनेलांचो उरला मरे."

गणपतीची चवथ नऊ दिवसांवर आली होती. खिडक्यांच्या गजांना लावून अर्धा डबा चंदेरी रंग उरला होता आणि अर्धा डबा रंग वाया घालवणं कृष्णनाथला जमण्यासारखं नव्हतं. देवकीने कपाळावर हात मारला आणि ती आत गेली. पिंजऱ्याचा मालक तोवर पालथ्या टोपलीखाली बसून आतून शिट्या मारत होता.

हा मालक म्हणजे एक कॉकटील, छोटा परदेशी पोपट. करडं अंग, डोक्यावर पिवळा तुरा, गालांवर नारिंगी टिकल्या आणि आवाज घराच्या मानाने जरा जास्तच. नाव क्लीनर.

नावाला कारण होतं. कृष्णनाथ चौतीस वर्षं हळर्ण–पेडणे–म्हापसा मार्गावरच्या 'भाग्यलक्ष्मी' बसचा कंडक्टर होता. गळ्यात शिटी त्याने कधी अडकवली नाही. दोन बोटं तोंडात घालून एक शिटी मारली की बस थांबे, दोन मारल्या की सुटे. पेडण्याच्या बाजारातसुद्धा ती शिटी लोक ओळखत. घरी बसला त्या वर्षी लेकीने, सेजलने, त्याला विरंगुळा म्हणून हा पक्षी आणून दिला. कंडक्टर पक्ष्याला दुसरं काय शिकवणार? एक शिटी आणि दोन शिट्या. म्हणून नावही बसवरच्या पोऱ्याचं, क्लीनर. पुढच्याच वर्षी कृष्णनाथचे वरचे चार दात काढावे लागले. कवळी बसली, भाकरी चावता येऊ लागली, पण शिटी गेली ती गेलीच. बोटं घालून कितीही फुंकलं तरी नुसती हवा आणि थुंकी. चौतीस वर्षांतलं जे काही शिल्लक होतं ते आता क्लीनरच्या चोचीत होतं, आणि हे कृष्णनाथला पुरतं ठाऊक होतं.

बसचा थांबा नेमका त्याच्या सोप्यासमोर, फणसाखाली. नवा कंडक्टर गौरेश मागच्या दाराशी तिकिटांत गुंतलेला असे. बस थांबली की क्लीनर दोन शिट्या मारी आणि ड्रायव्हर सुदेश खुशाल गाडी सोडी. एकदा शेजारच्या संजनाचा एक पाय पायरीवर आणि दुसरा रस्त्यावर असताना बस सुटली. ती कशीबशी चढली आणि खिडकीतून डोकं बाहेर काढून वळण येईपर्यंत पक्ष्याला शिव्या देत गेली. तेव्हापासून कृष्णनाथने शिस्त लावली. बस दिसली की तो पिंजऱ्यावर पंचा टाकी. पुढचं दार बघायचं, मागचं दार बघायचं, रस्त्यावर कुणाचा पाय नाही ना ते बघायचं आणि मग पंचा उचलायचा. आतून दोन शिट्या. बस सुटली.

"पगार नाय, पण नोकरी चालू आसा," असं देवकी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. कृष्णनाथला ते ऐकायला आवडे.

त्या रविवारी पिंजऱ्याला रंगाचे दोन हात बसले. दिवसभर उन्हात वाळल्यावर पिंजरा खरोखरच चकचकीत दिसू लागला. देवकीने फरशी पुसली. संध्याकाळी क्लीनर नव्या घरात गेला आणि नवीन चव मिळाल्यासारखा गज चोचीने सोलत बसला. कृष्णनाथ कौतुकाने बघत राहिला.

बुधवारी पंचा उचलला तरी शिटी आली नाही. क्लीनर पिसं फुगवून तळाशी बसला होता. गौरेशने मागून पत्र्यावर थाप मारली तेव्हा बस हलली.

गुरुवारी कृष्णनाथ पिंजरा घेऊन त्याच बसने म्हापशाला निघाला. लोकांनी त्याला खिडकीजवळ जागा दिली. प्रत्येक थांब्यावर तो वाकून पिंजऱ्यात बघे. सगळी बस बघे. पेडणं गेलं, कोलवाळचा पूल गेला, क्लीनरने चोच उघडली नाही.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी पक्ष्याला हातात घेतलं, मग पिंजऱ्याच्या गजावरून बोट फिरवलं.

"रंग कधी लावला, काका?"

"आयतवारी. पण पयलीं बरो घासलो हां. मगीर रंग."

"हे पक्षी गज कुरतडतात. रंग पोटात गेलाय. आणि घासल्यामुळे तारेवरचं जस्त मोकळं झालं, तेही गेलंय."

"घासूक नसलो जाल्यार?"

डॉक्टरीणबाई औषध लिहू लागल्या. "आधी हा पिंजरा टाकून द्या," एवढंच म्हणाल्या.

नवा पिंजरा त्याच दिवशी म्हापशाहून आला. क्लीनर त्यात दीड दिवस राहिला. देवकीने कापसाच्या बोळ्याने पाणी पाजलं. नवा पिंजरा आणा हे आपण आधीच सांगितलं होतं, हे ती एकदाही बोलली नाही. ते न बोलणं कृष्णनाथला फार लागलं. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

शनिवारी उजाडता उजाडता क्लीनर गेला. कृष्णनाथने त्याला जास्वंदीच्या मुळाशी पुरलं आणि हात धुतले. मग मागच्या पडवीत टाकलेला जुना पिंजरा सोप्यावर आणला, मांड्यांत धरला आणि लोखंडी पट्टीने त्यावरचा चंदेरी रंग खरवडायला लागला. देवकी चहा घेऊन आली, बघत उभी राहिली.

"आतां कित्याक तो?"

"कोणी न्हेऊन तातूंत दुसरो पक्षी घालीत. रंग तरी काडून उडयतंय."

तिने कप त्याच्याजवळ ठेवला.

सव्वाआठला बस आली. चवथीच्या बाजाराला जाणारी मंडळी रिकाम्या पिशव्या घेऊन फणसाखाली उभी होती. एकेक चढला. सुदेशने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"मामा, क्लीनर बरो मगो?"

कृष्णनाथने मांडीवरचा पिंजरा जरासा वर केला. आरपार पलीकडचं दार दिसत होतं. सुदेशने डोकं आत घेतलं, पण गाडी सोडली नाही. मागच्या दाराशी गौरेशने थाप मारायला हात उचलला होता, तोही त्याने खाली घेतला. इंजिन घरघरत राहिलं. संजना शेवटी चढली.

कृष्णनाथ उठून सोप्याच्या कडेला आला. पुढचं दार बघितलं. मागचं दार बघितलं. रस्त्यावर कुणाचा पाय नव्हता.

त्याने पट्टी उचलली आणि रिकाम्या पिंजऱ्यावर दोनदा ठोकली.

बस सुटली.