बत्ताशीचा हिरवा घास

आश्विनातली सकाळ. पावसानं धुऊन काढलेलं नीलनितळ आकाश, अजिंक्यताऱ्याच्या उतारावर अजून न वाळलेलं गवत, आणि त्या गवतावरून घरंगळत साताऱ्यात शिरणारं कोवळं, केशरकांती ऊन. तिसऱ्या मजल्यावरच्या निकमांच्या गॅलरीशी आलं की ते ऊन हमखास रेंगाळे. रेंगाळेल नाहीतर काय! तिथं इंदुमतीबाईंची बाग होती.

बाग म्हणजे चार हातांची जागा. पण तेवढ्यात हिरव्याच्या किती छटा! पोपटी नेचे, श्यामल तुळस, कठड्यावरून ओथंबलेला मनीप्लांट, रुंदपर्णी डिफेनबाखिया. आणि साऱ्यांच्या मधोमध, मान ताठ करून उभी असलेली लिली. इंदुमतीबाईंच्या धाकट्या बहिणीनं, सुलूनं, पाचगणीहून तिचा कंद आणला होता. सुलू गेल्या साली गेली. लिली राहिली. बाई तिला रोज पाणी घालत, आणि पाणी घालता घालता तिच्याशी थोडं बोलत.

या हरितवैभवात वैशाखात सून आली, ऋतुजा. आणि तिच्यासोबत वेताच्या टोपलीत बसून बत्ताशी आली. शुभ्ररोमा, मधुनेत्रा, मंदगामिनी बत्ताशी! रूप असं की बघत राहावं, आणि खोड अशी की कपाळाला हात लावावा. दिसलं पान की लाव दात.

"तुझ्या मांजरीला घरात जेवायला मिळत नाही का गं?" इंदुमतीबाई विचारत, आणि ऋतुजा ओशाळून हसे. मुलगा नोकरीसाठी पुण्याला, शनिवारी उगवणारा. एरवी घरात सासू, सून आणि मांजर. माहेरचं म्हणावं असं ऋतुजाजवळ त्या घरात हे मांजरच होतं, आणि ते सासूला खपेल ना, ही धास्ती तिला पहिल्या दिवसापासून होती.

भाद्रपदात बत्ताशीनं डिफेनबाखियाचं पान चावलं, आणि तिच्या तोंडातून लाळेची धार लागली. जनावरांच्या डॉक्टरांनी तिला बरं केलं आणि ऋतुजाला बजावलं, की हे झाड आणि मनीप्लांट तिच्या वाटेत ठेवू नका. पण लिली तर घरातच नको. पान खाणं तर सोडाच, अंगावर पडलेले पराग चाटले तरी मांजराच्या किडन्या जातात, जीव जातो.

ऋतुजानं सासूला पहिल्या दोघांचं सांगितलं. डिफेनबाखिया शेजारी गेला, मनीप्लांट छताला उंच टांगला गेला. लिलीचं मात्र तिच्या ओठांवर येईना. सुलूमावशींची आठवण कळ्या धरून उभी होती. तिला 'काढा' म्हणायचं तरी कोणत्या तोंडानं? त्यापेक्षा बत्ताशीलाच मेढ्याला भावाकडे सोडायचं, असं तिनं मनाशी ठरवलं, आणि उशीत तोंड खुपसून रडली.

पण तेवढ्यात घट बसले. देवाच्या खोलीत पत्रावळीवर काळी माती, मातीत गहू, मधोमध जलपूर्ण कलश, त्यावर रोजची एक माळ, आणि अहोरात्र तेवणारा नंदादीप. घट उठेपर्यंत घरच्या बायकांनी गावाची वेस ओलांडायची नाही, हा निकमांचा रिवाज. बत्ताशीचं जाणं दसऱ्यापर्यंत लांबलं. ऋतुजा बत्ताशीला गॅलरीपासून दूर ठेवी, रोज कळ्यांकडे बघे आणि मनात म्हणे, थांबा गं, एवढे दिवस थांबा.

कळ्या कुणाचं ऐकतात! पाचव्या माळेच्या सकाळी लिली उमलली. धवल, विशाल, गंधभारित. पाकळ्यांच्या आत परागांचा तांबूस गुलाल. आणि कुंडीच्या पायाशी, नाक वर करून, बत्ताशी! ऋतुजानं झडप घालून तिला उचललं, समोर दिसलं त्या दारात लोटलं आणि कडी लावली. मग ओलं फडकं घेऊन गॅलरीतली फरशी पुन्हा पुन्हा पुसत राहिली. दार कोणतं होतं, ते तिच्या लक्षातच आलं नाही.

इंदुमतीबाई झेंडूची माळ घेऊन आल्या. त्यांनी देवाच्या खोलीची कडी काढली.

नंदादीप शांत तेवत होता. कलश जागच्या जागी होता. पण त्याच्याभोवती बोटभर वाढलेले, पीतहरित, कोवळे कोवळे अंकुर एका बाजूनं साफ झाले होते, आणि बत्ताशी पंजानं तोंड पुसत बसली होती.

ऋतुजा दारात आली आणि पांढरीफटक पडली. "अहो आई, चुकलं माझं. मीच कोंडलं तिला. दसरा झाला की तिला मेढ्याला सोडून येते, कायमची."

"कायमची? का गं?"

मग सगळंच बाहेर आलं. डॉक्टर, पराग, लिली, आणि इतके दिवस गिळलेलं रडू.

इंदुमतीबाई माळ हातात धरून उभ्याच होत्या. "माझ्या घरात जीव जायची वेळ आली होती, आणि तू गप्प बसलीस?"

"मावशींची आठवण होती ना ती."

"सुलू असती तर तिनंच आधी उचलून नेली असती." त्यांनी गॅलरीतल्या लिलीकडे पाहिलं. मग घटाकडे बघून त्यांना एकदम हसू फुटलं. "आणि रडतेस काय? देवीला वाघ चालतो. त्याच्या मावशीनं दोन घास खाल्ले, तर देवी काय उपाशी राहणार आहे?"

त्यांनी माळ चढवली. मग लिलीभोवती जुनं लुगडं गुंडाळून कुंडी कडेवर घेतली, आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे निघाल्या. त्या काकूंच्या दारात उभं राहायची कुठल्या मांजराची टाप नव्हती. जिन्यात त्यांनी पदरानं डोळे पुसले. परत आल्या त्या हातपाय धुऊन, लुगडं बदलून. घट बसवताना उरलेले गहू त्यांनी एका पसरट कुंडीत पेरले, आणि बत्ताशीला दम दिला, "हे तुझं शेत. देवाच्या शेतात पुन्हा शिरलीस तर बघ!"

संध्याकाळ झाली. ताम्रवर्णी उजेड ओट्यावर आला. ऋतुजा कपड्यांच्या घड्या घालत होती, तेवढ्यात स्वयंपाकघरातून हाक आली.

"ऋतुजा, धाव गं! दूध उतू चाललंय, गॅस बंद कर. मला उठता येत नाही. ही मांडीवर झोपलीय."

ऋतुजा धावली. शुभ्र, फेनिल दूध पातेल्याच्या काठाशी थरथरत होतं. तिनं गॅस बंद केला. दूध खाली बसलं, आणि वैशाखापासून तिच्या छातीत दाटलेलं भयही त्याच्याबरोबर हळू, हळू, हळू खाली बसलं.