तिप्पण्णाकडचा चहा

वकिलाच्या हापिसात पंखा फिरत होता, तरी माझी पाठ भिजली. शेजारी आमचे हे, चनबसप्पा, पलीकडं पोरगी महेश्वरी. माझ्या काचेच्या बांगड्या सारख्या वाजत होत्या, म्हणून हात पदराखाली घेतले. दिवाळीपर्यंत ह्याच हातात चार पाटल्या होत्या. त्या मी मोडल्या. घरात कुणाला ठाऊक न्हाय, विचारलं की सांगते, लॉकरात हायत.

आमचा टॉवेलचा कारखाना बुडाला. कंपनीच्या कर्जाला ह्यांनी स्वतःची हमी दिलेली, म्हणून प्रकरण ह्यांच्या दिवाळखोरीपर्यंत गेलं. हे रोज म्हणायचे, "काशम्मा, घर जाईल, पण सगळी देणी सुटतील." सगळी म्हंजे सगळी, असं मी धरलं. महेश्वरीच्या शिक्षणाचं कर्जही त्यातच. त्यावर पण ह्यांची सही हाय की! पोरगी लॅबमध्ये अठरा हजारावर रक्त तपासते. कर्ज सुटलं की पुण्याला पुढचं शिकणार होती. त्याचा फॉर्म आठ दिवस पिशवीत घालून फिरत होती.

मृत्युंजय वकील कागद उलटत म्हणाले, "अण्णा, बाकीचं सुटेल. शिक्षणाचं कर्ज मात्र सुटत नाही. कायद्यानंच ते बाजूला ठेवलंय. साडेचार लाख आहेत."

"माझ्याकडं आता काय हाय?" हे म्हणाले.

"मग महेश्वरीच्या पगारातून जातील."

तेवढ्यात वकिलांनी पुढचा कागद धरला. "आणि यादीत सूतवाल्या तिप्पण्णांचं नाव कसं नाही? त्यांचे चार लाख होते ना?"

"त्यांचे मी दिले," मी म्हणाले. "पाटल्या मोडून."

ह्यांनी माझ्याकडं बघितलं, ते मला सोसवंना. मी काय चूक केली? वीस वर्षं तिप्पण्णानं ह्यांच्या शब्दावर सूत दिलं. सोमवारी देवळात त्याची बायको मला बघून तोंड फिरवायची. बँक काय देवळात भेटते का? बँकेचं सुटणारच हाय, तर आधी माणसाचं द्यावं म्हणलं.

महेश्वरीनं हळूच विचारलं, "अव्वानं दिले नसते तर?"

"तिप्पण्णांचे सुटले असते," वकील म्हणाले.

"आन् तेच माझ्या कर्जात भरले असते तर?"

"जवळजवळ फिटलं असतं."



घरी जाताना तिप्पण्णाचं दुकान लागतं. वर्षभर हे मागच्या बोळातनं जायचे. आज रागाच्या भरात सरळच निघाले. तिप्पण्णा गादीवरनं उठला. "या चनबसप्पाण्णा, चहा घ्या की."

हे थबकले. मग चप्पल काढून वर जाऊन बसले. तिप्पण्णा ह्यांना जुन्या मागांचं काय काय विचारत होता, आन् हे लई दिवसांनी ताठ बसून बोलत होते.

महेश्वरी बापाकडं बघत राहिली. मग माझ्या कानात म्हणाली, "अव्वा, अप्पांना कर्जाचं काय बोलू नको. हप्ते मी भरीन."

चहा आला. ग्लास चटके देत होता. पोरीनं पिशवीतला फॉर्म काढला, त्याची घडी घातली आन् त्या घडीत ग्लास धरला.