कांतानचं पोट

जपानमधल्या एका डोंगरगावातल्या कांतान-श्रवण मंडळाचा नियम एकच: कांतान गात असेपर्यंत कुणी बोलायचं नाही, उठायचं नाही. हा रातकिडा बोटाच्या पेराएवढा, पण एकदा सूर लावला की लावला. मंडळी चटईवर गुडघे दुमडून ऐकत बसतात.

अकरा वर्षांपूर्वी नागिसा बॅग घेऊन याच चटईपाशी आली होती. "आई, मी चालले," म्हणाली. तिची आई, मंडळाच्या चिटणीस ओरिए शिओझाकी, उठल्या नाहीत. कांतान गात होता.

आज नागिसा पहिल्यांदा परत येत होती, आणि तिला घ्यायला खालच्या स्टेशनाकडे जाणारी शेवटची बस साडेसहाची. सहा वाजून गेले तरी किडा थांबायचं नाव घेईना. लोणचंवाले मामियासान पाऊण तास एकाच कुल्ल्यावर तोलून बसले होते. त्यांना कशाची घाई आहे ते सगळ्यांना दिसत होतं.

एवढ्यात ओरिएबाईंना वाटलं, सूर मध्येच तुटला. तुटक गातो तो हिरोबाने, कांतानचा रुंद पंखांचा भाऊबंद. त्याला नियम लागू नाही. त्यांनी चिठ्ठी लिहिली: 'हिरोबाने असावा.'

एक्याऐंशी वर्षांच्या अध्यक्ष कुरोइवासाननी उलट लिहिलं: 'पोट बघा. काळं तर कांतान, फिकं तर हिरोबाने.'

रांगू नये असं नियमात कुठे नव्हतं. बाई रांगत समोरच्या वेलापाशी गेल्या आणि बॅटरी लावली. पानाच्या भोकात पंख उभारून किडा गात होता. पोट काळंकुळकुळीत. सूरही कुठे तुटत नव्हता. तो तुटावा असं त्यांनाच वाटत होतं.

एकोणीस वर्षांत त्यांनी एकदाही जात चुकीची सांगितली नव्हती.

"फिकं," त्या म्हणाल्या.

मामियासान तोवर झाडीत पोचलेसुद्धा. अध्यक्ष मात्र कण्हत कण्हत रांगत आले आणि भिंग डोळ्याला लावून बराच वेळ बघत राहिले.

"फिकं कसलं, पांढरंफटक आहे," अध्यक्ष म्हणाले. "पळा शिओझाकीसान, बस जाईल. आणि मला कुणीतरी उठवा रे."

स्टेशनावर नागिसा बाकावर बसली होती. आईला बघून ती थोडी गडबडलीच.

"तू आलीस कशी? यंदा कांतान आला नाही वाटतं?"

"आला होता की." बाईंच्या पायांना अजून मुंग्या येत होत्या. त्यांनी लेकीची बॅग उचलली. "गातोय अजून."