दर पाच मिनिटांनी वाघजाई

कॅम्प तीनच्या आमच्या गल्लीत त्या रविवारी रिक्षा शिरेना, एवढी गर्दी! शेजारच्या संजीवनीच्या नऊ वर्षांच्या पोरीच्या, राजसीच्या अंगात म्हणे वाघजाई येत होती. पोरगी बोलता बोलता मध्येच घोगरी व्हायची, की बायका "आई गं!" करून आडव्या. तिच्या बाजूला हिरामण महाराज. परवापर्यंत हे महाराज मी काम करतो त्याच कारखान्यात जीन्सला बटणं ठोकत होते.

"माई बोल रही है!" महाराज गरजले. "फिटच्या गोळ्या आजपासून बंद! माईचा अपमान होतो!"

मी कैलास, जीन्सला चेन लावणारा कारागीर. चेन अडकली तर मी नारळ फोडत नाही, दाते बघतो. गोळ्या बंद ऐकलं आणि माझं टाळकंच सटकलं. गोळ्या घेऊनही पोरीला दिवसाला पाच-सहा फिट यायच्या, म्हणून तर दोन महिन्यांपूर्वी तिचं ऑपरेशन झालं होतं.

"पण ही वाघजाई आली कुठून?" मी विचारलं.

"डॉक्टरच म्हणाले!" राजसीची आत्या वेणूबाई फणकारली. "वाघजाईला करंट देणार म्हणाले. ह्या कानांनी ऐकलंय मी."

राजसी खुदकन हसली. "अगं आत्या, व्हेगस! मानेतली नस आहे ती."

मग तिनंच सांगितलं. छातीत कातडीखाली छोटं यंत्र, तिथून त्या नसेला तार. दर पाच मिनिटांनी अर्धा मिनिट बारीक करंट. तीच नस घशाला जाते, म्हणून तेवढ्यापुरता आवाज बसतो.

"झूठ! माई मर्जीने येते!" महाराज ओरडले.

मी घड्याळ लावलं. माई आली. पाच मिनिटांनी परत आली. विठ्ठलवाडीची बस तरी इतकी वेळेवर येते का? मग राजसीनं दवाखान्यातून मिळालेलं लोहचुंबक छातीवर धरलं. ते धरलं की यंत्र तेवढा वेळ थांबतं.

"बोलवा आता," ती म्हणाली.

महाराजांनी लिंबू कापलं, घुमले, किंचाळले. दहा मिनिटांत घोगरा झाला तो त्यांचाच आवाज. गल्ली पोट धरधरून हसली.

संजीवनी मात्र रडत होती. "भाऊ, महाराजांचं ऐकून सकाळची गोळी मी दिलीच नाही हो."

मी लगेच डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "आत्ताच्या आत्ता द्या." पाण्याचा पेला वेणूबाईनंच धरला.

बाबांनो, यंत्रानं फिट कमी झाल्यात, पळालेल्या नाहीत. देवीला खुशाल हात जोडा. पण गोळी बंद करा असं कुणी म्हणालं, तर आधी "का?" विचारा आणि डॉक्टरांना फोन करा. गोळी घेतल्यानं कुठलीच देवी कोपत नाही. गोळी चुकली की फिट मात्र येते.