झबरू माहेरी येतोय

पडद्यावरच्या राक्षसिणीने पोट धरलं, गाल फुगवले आणि भडाभडा हिरवंगार ओकली. तेही कुठे, तर पोटच्या लेकाच्या तोंडावर! पुढच्या बाकड्यांवरून शिट्ट्या पडल्या, कुणीतरी ‘वन्स मोर’ म्हणून ओरडलं. मागे बायकांच्या बाजूला मात्र पदर नाकाला गेले. दाराशी उभ्या असलेल्या गिरधरने तोंड फिरवलं. शी! याला सिनेमा म्हणायचं? आणि हे बघायला आपण गावोगावच्या लेकीबाळींना बोलावून आणलं?

बोलावलं त्यानेच होतं, दुसऱ्या कुणाकडे बोट दाखवायची सोय नव्हती. गिरधर अमळनेरच्या एका टॉकीजचा जाहिरातवाला. बावीस वर्षं हेच काम. नवा सिनेमा लागला की रिक्षावर भोंगा बांधायचा, छगनने रिक्षा चालवायची आणि गिरधरने माईक धरून बोरी नदीकाठची खेडी पालथी घालायची. माणूस दिसायला अगदीच किरकोळ. बाजारात समोरून गेला तर ओळख पटायची नाही. पण आवाज ऐकला की चुलीपुढची बाईसुद्धा हातातलं टाकून ओट्यावर यायची.

त्याचा एक शिरस्ता होता. आधी सिनेमा स्वतः बघायचा, मग तोंड उघडायचं. मारामारीचा असला तर मारामारीचा म्हणून सांगायचं, रडका असला तर रडका. बायकांनी बघावा असा नसलाच, तर पारावरच्या माणसांना सांगून रिक्षा बाहेरच्या बाहेर वळवायची. टॉकीजचे मालक रतिलालशेठ यावरून कुरकुरायचे. पण बायका म्हणायच्या, गिरधरभाऊने सांगितलं ना, मग चला. या एका बोलण्यावर गिरधर जगत होता म्हटलं तरी चालेल.

दोन वर्षांपूर्वी या झबरूचा पहिला भाग आला होता. हिंदीत बोलणारा, नुसत्या काढलेल्या चित्रांचा, कार्टूनचा सिनेमा. झबरू म्हणजे राक्षसाचं केसाळ पोर. आई त्याला कामधाम शिकायला माणसांच्या घरी धाडते. तिथे त्याच्या हातून भाकरी करपतात, घागरी फुटतात, घरातली म्हातारी येताजाता टोचून बोलते आणि झबरू कोपऱ्यात बसून आईसाठी मुसमुसतो. बायका हसून हसून बेजार झाल्या, आणि हसता हसता डोळेही पुसत होत्या. राक्षसाचं कसलं, हे तर आपलंच! पुढे वर्षभर गावात नव्या सुनांना झबरू म्हणून चिडवत होते.

यंदा ऐन आखाजीला, लेकी माहेरी येतात त्या अक्षय्य तृतीयेच्या सणाला, दुसरा भाग लागायचा होता. पोस्टर आलं, पण सिनेमाची पेटी आली नाही. पोस्टरवर झबरू, पाठीला गाठोडं, समोर डोंगर आणि डोंगरावर त्याची आई दोन्ही हात पसरून उभी. आता खानदेशातल्या माणसाला, तेही आखाजीच्या तोंडावर, याचा दुसरा काय अर्थ लागणार? लेकरू माहेरी निघालंय!

“शेठ, पेटी येऊ द्या. बघतो आणि मग निघतो,” गिरधर म्हणाला.

“पेटी सणाच्या सकाळी येणार. मग तू सांगणार कधी, सण झाल्यावर?” रतिलालशेठ वैतागले. “पहिला बघितलास ना? मग दुसरा काय वेगळा असणार आहे!”

गिरधरला ते पटलं. खरं म्हणजे पटवून घ्यायची त्यालाच घाई झाली होती. ओरडायची ओळ तोंडात तयार होती, आणि इतकी गोड ओळ गिळायची कशी?

“बहिनीसवन! झबरू माहेरले ई राहिना! आखाजीले या, बठ्ठ्या जनी या!”

झबरू माहेरी येतोय, सगळ्या जणी या, असा भोंगा दणाणला आणि निंबावरचे झोके थांबले. माहेरी आलेल्या पोरी रिक्षेमागे धावल्या. झुंबरबाई काठी टेकत पुढे आली. दर आखाजीला गावातल्या बायकांची गाडी भरून टॉकीजला आणणारी ही म्हातारी. या खेपेला तिची धाकटी लेक कमल तीन वर्षांनी माहेराला आली होती. सासरचे पाठवतच नव्हते. आता दिवस गेले म्हणून चार दिवसांसाठी सुटका झाली होती.

“कमलले दखाडनं शे,” झुंबरबाई म्हणाली. “तू देखं ना भाऊ?”

तू स्वतः बघितलास ना, हा तिचा नेहमीचा प्रश्न, आणि गिरधरचं उत्तरही नेहमीचं. “देखं ना अक्का.” जीभ जरासुद्धा अडखळली नाही.

आणि आज हे असं! पुरणपोळी आणि आमरस जेवून, दुपारच्या उन्हात गाडी जुंपून बायका आल्या होत्या. आमरसाच्या रंगाचा शेंबूड झबरूच्या नाकातून वाटीत पडत होता आणि त्याची आई ती वाटी चाटूनपुसून खात होती. ज्या आईसाठी झबरू मागे रडला, तिला आता त्याची दोस्तमंडळी लाथा घालत होती, आणि झबरू खिदळत होता. ज्याने हे काढलं त्याला आई नसावी, असं गिरधरला वाटलं. त्याहून किळस आली ती पुढच्या बाकड्यांची. चांगली मिशा फुटलेली माणसं मांड्यांवर थापा मारून हसत होती.

“हाई काय शे व माय!” अंधारात झुंबरबाईचा आवाज आला.

तेवढ्यात कमल उठली. तोंडावर हात दाबून दाराकडे निघाली, पण पोचली नाही. मधल्या वाटेतच तिला भडभडून उलटी झाली. पुढचे मागे वळले. एकाने हाळी दिली, “ए, ती पाहा झबरूची माय!” आणि सगळं टॉकीज हसलं. पडद्याकडे कुणी बघेना, सगळे तिच्याकडेच बघायला लागले.

“तुमच्या घरी आया-बहिणी नाहीत का रे, भाडखाऊंनो!” गिरधर ओरडला. बावीस वर्षं खेडीच्या खेडी जागी करणारा त्याचा आवाज त्या हसण्यात बुडून गेला.

मग त्याने आगीसाठी भरून ठेवलेली वाळूची लाल बादली उचलली, कमलच्या पायाशी वाळू टाकली आणि खाली बसून दोन्ही हातांनी सगळं भरून घेतलं. त्याची त्याला जराही घाण वाटली नाही. बाहेर नळावर हात धुतले, कमलला पाण्याचा तांब्या दिला. ती भिंतीला टेकून रडत होती. झुंबरबाईने एकेक करत सगळ्या बायका बाहेर काढल्या, गाडीत बसवल्या. गिरधरकडे न बघता ती काठी टेकत गाडीत चढली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो शेठला न विचारताच रिक्षा घेऊन निघाला. झुंबरबाईच्या गावाच्या पारापाशी माईक तोंडाशी धरला.

“मंडळी, सिनेमा घाण शे. निस्ती किळस शे. मी न देखता सांगं, चूक मनी शे. कोनी येऊ नका!”

पारावरच्या पोरांनी एकमेकांकडे बघितलं. “इतला घाण शे? मंग चाला रे!” म्हणत तिघं-चौघं सायकलींवर टांग टाकून अमळनेरकडे सुटलेसुद्धा. गिरधर बघतच राहिला. छगनला हसू आलं आणि त्याने ते कसंबसं दाबलं.

झुंबरबाई ओट्यावर बसली होती. आत कमल पिशवी भरत होती. तिला न्यायला दीर आला होता. चार दिवसांतला एक दिवस आपण असा नासवला, हे गिरधरच्या मनातून जाईना.

“अक्का, मी खोटं बोलनू,” तो म्हणाला. “माले माफ कर.”

“तुनावर राग नही भाऊ,” झुंबरबाई शांतपणे म्हणाली. “मनी पोरनी उलटी तू साफ करी, ते मी देखं. सख्खा भाऊबी नही करता.” तिने आत कमलकडे बघितलं. “पन आते तू सांगशी, ते आम्ही कसं मानसूत?”

गिरधरने खाली मान घातली. तसाच तो रिक्षेत येऊन बसला.

“गिरधरनाना, पुढच्या गावाला घेऊ?” छगनने रिक्षा चालू करत विचारलं.

“घे. पण भोंगा काढून ठेव. मी घरोघर जाऊन सांगतो.”

पुढच्या गावात शिरल्यावर पहिल्याच घरापाशी तो उतरला. ओट्याखाली चपला काढल्या, दाराची कडी हळूच वाजवली आणि म्हणाला, “बहीन, जरा बाहेर ये.”

आत भांड्यांचा आवाज थांबला.

“कोन शे?” बाईने विचारलं.

गिरधरने तोंड उघडलं, पण ‘गिरधरभाऊ’ हे नाव त्याला सांगवेना.