दुसऱ्या प्लेटा

ओजसने जुनी घेतलेली सहाशे सीसीची बाइक माझ्या पुनावळ्याच्या गॅरेजात आणली. इंजिनात हवा सोडणाऱ्या प्रत्येक थ्रॉटलमधली एक प्लेट आपल्या मुठीने उघडते आणि तिच्या मागची दुसरी गाडीचा कॉम्प्युटर त्याच्या मर्जीने उघडतो. त्या दुसऱ्या प्लेटा काढून टाका, असं ओजसचं म्हणणं.

"त्यांनीच गाडी दाबून ठेवलीय, भाऊ."

चाकणच्या कारखान्यात इंजिनच्या लाइनवर मी अकरा वर्षं काढली. म्हटलं, "मूठ पिळली की गाडी एकदम उसळू नये, म्हणून असतात त्या. कंपनीवाले काय येडे आहेत?" पण त्याने चार व्हिडिओ पाहिले होते. त्यापुढे माझी अकरा वर्षं गेली खड्ड्यात.

टाकी उतरवून आत पाहिलं, तर प्लेटा आधीच्या मालकानेच काढलेल्या. मी सगळं होतं तसं परत बसवलं. काही सांगायच्या आत ओजस चक्कर मारायला गेलासुद्धा. ताथवड्यापर्यंत जाऊन हसत परत आला.

"आत्ता पळते बघा! केवढा फरक पडलाय!"

काढलेला पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची आमच्याकडे पद्धत आहे. त्याने हात पुढे केला.

"आत प्लेटा नव्हत्याच," मी म्हणालो.

त्याने हात मागे घेतला नाही.

"मग तुम्ही काय काढलंत?"