तुआनची शुक्रवारची शिकवणी

मी मास्तर नाही. पालशेतच्या शाळेत इंग्रजीच्या तासाला मी बहुतेक वेळ बाकावर उभाच असायचो, आणि दहावीला इंग्रजीत काठावर सुटलो तेव्हा आईने शेजारीपाजारी पेढे वाटले होते. पण सौदीतल्या जिझानजवळच्या आमच्या कॅम्पात वासरांत लंगडी गाय शहाणी. परमिटचे फॉर्म भरायला, साहेबांचे मेल वाचायला, इकाम्याची, म्हणजे इथल्या राहण्याच्या परवान्याची, काही भानगड झाली की ऑफिसात समजावून सांगायला सगळे माझ्याकडेच येत. मलाही ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

तुआन असाच आला. व्हिएतनामचा वेल्डर, पस्तिशीचा, अंगाने किरकोळ, पण हात असा की त्याचा जोड एक्स-रेमध्ये कधी नापास झाला नाही. जूनमध्ये कंपनीने नोटीस लावली: ज्याला इंग्रजीतून वर्क परमिट, म्हणजे रोजच्या कामाची लेखी परवानगी, घेता येत नाही, त्याचा करार वर्षअखेरीनंतर वाढणार नाही. परीक्षा तोंडी, पास झालेल्याला पिवळं कार्ड. तुआनची बायको गावी आजारी सासूला सांभाळत होती, दोन मुली शाळेत होत्या. नोटीस लागली त्या शुक्रवारी जेवण झाल्यावर तो वही घेऊन मेसमध्ये माझ्यासमोर उभा राहिला.

"टीचर," तो म्हणाला, "यू टीच मी."

मी हसलो. मला जन्मात कुणी टीचर म्हटलं नव्हतं.

दर शुक्रवारी दुपारी, टेबलावरची आमटी पुसून, आम्ही बसायचो. त्याच्या भाषेत क्रियापद म्हणे कधी हलतच नाही. काल जातो, आज जातो, उद्या जातो. काल-उद्या शब्द पुढे लावला की झालं. विशेषण नामाच्या मागून: हेल्मेट आधी, पिवळं नंतर. शब्दाच्या शेवटचं अक्षर तो गिळून टाकायचा. 'चेक'चं 'चे' व्हायचं, आणि मी टेबलावर हात आपटायचो. मी वाईट मास्तर होतो. ओरडायचो. माझ्या मास्तरांनी मला जे जे ऐकवलं होतं ते सगळं हिंदीतून त्याला ऐकवायचो, आणि तो मान खाली घालून तेच वाक्य परत म्हणायचा.

सगळ्यात जास्त दिवस गेले ते 'आय'वर. त्याच्या भाषेत मी म्हणजे नुसता मी नसतो. वडीलधाऱ्यापुढे तो धाकटा भाऊ, मुलींपुढे बाप, शिक्षकापुढे विद्यार्थी. समोर कोण आहे ते बघून माणूस स्वतःला नाव देतो. साहेबापुढे आणि हेल्परपुढे एकच 'आय' कसा चालेल, हे त्याला पटेना. म्हणून तो 'आय' खाऊनच टाकायचा.

"चेक गॅस. ओपन व्हॉल्व्ह," तो म्हणायचा.

"अरे पण कोण? हू?" मी ओरडायचो. "आमच्या मराठीत कोणी काय केलं ते शेवटपर्यंत कळत नाही. इंग्रजी माणसाला घाई असते. आधी माणूस सांग, मग त्याने काय केलं ते सांग. आय चेक द गॅस. परमिट म्हणजे दुसरं काय असतं?"

हे मी सांगत होतो. मी!

ऑक्टोबरात परीक्षा झाली. क्लायंटचे सेफ्टी साहेब आणि आमचे साइट मॅनेजर विवेक सर यांच्यासमोर तुआन ताठ बसला आणि एकेक वाक्य, शेवटच्या अक्षरासकट, टेबलावर मांडत गेला. टाकीत उतरण्याआधी काय बघतोस? प्राणवायू कमी असला तर काय करतोस? कोणाला सांगतोस? सेफ्टी साहेबांनी मध्येच फॉर्ममध्ये नसलेला प्रश्न टाकला, गावाकडे काय पिकतं म्हणून, तर यानं भात, कॉफी, मिरी सगळं सांगितलं. बाहेर आल्यावर पिवळं कार्ड त्याने मला दोन्ही हातांनी दाखवलं. त्या दिवशी माझे डोळे भरून आले होते, हेही लिहून ठेवतो.

वीस नोव्हेंबरला तो इस्त्री केलेला शर्ट घालून माझ्या खोलीवर आला. त्यांच्याकडे तो शिक्षकांचा दिवस. प्लास्टिकची तीन लाल फुलं आणि दुधाच्या डब्यातलं घट्ट दूध घालून केलेली कॉफी. दोन्ही हात छातीशी बांधून वाकला. माझा खोलीवाला शारीक, मालेगावचा फिटर, पलंगावरून ओरडला, "अरे ज्ञानेशभाई, तुम तो गुरुजी हो गए! अब हमको भी कुछ सिखाओ." आम्ही तिघांनी ती कॉफी वाटून प्यायली.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात एका टाकीच्या आतलं काम निघालं. परमिट देणारा मी, घेणारा तुआन, आत उतरणारा शारीक. टाकी आदल्या दिवशी नायट्रोजनने सुकवली होती, आणि तो आत साचून राहिला तर प्राणवायू उरत नाही. नियम साधा आहे. प्राणवायू मोजायचा मीटर दोरीला बांधून खाली सोडायचा, आकडा बघायचा, लिहायचा, सही करायची. मीटर ऑफिसात चार्जिंगला होता, ऑफिस पाऊण किलोमीटरवर. विवेक सरांचे सकाळपासून तीन फोन झाले होते, तिन्ही वेळा एकच: यल्ला, यल्ला, चला लवकर. आणि आकडा रोजच वीस पॉइंट नऊ येतो, साध्या हवेत प्राणवायू असतो तेवढे टक्के. बावीस वर्षांत दुसरा फारसा बघितला नव्हता. मी वीस पॉइंट नऊ लिहिलं आणि सही केली.

तुआनने माझ्या कमरेच्या मीटरच्या रिकाम्या पाऊचकडे बघितलं, मग माझ्या तोंडाकडे. विचारायला लागणारं इंग्रजी त्याच्याकडे होतं, मीच दिलं होतं. पण मी त्याचा शिक्षक होतो. त्याने खाली सही केली.

मी सही करून पुढच्या कामाला निघून गेलो, आणि शारीक शिडीच्या मध्यावर असतानाच गळून पडला. तुआनने त्याच्या कमरेची दोरी ओढून त्याला वर काढलं, एकट्याने. तोवर चार-पाच मिनिटं गेली होती. शारीक जगला. पण फोनवर बायको रडली तरी तो आवाज कुणाचा ते त्याला कळत नाही, आणि डॉक्टर म्हणतात की यापुढेही कळणार नाही.

मी त्या दुपारीच जबाब लिहून दिला. वरच्या तोंडाशी गॅस तपासला होता, परमिटवरचा आकडा तिथलाच, तळाची तपासणी बाकी होती, मीटर बदलायला ऑफिसात जातो, तोवर थांबा असं मी बजावलं होतं. शारीक थांबला नाही. एका पानाचा जबाब. त्यात व्याकरणाची एकही चूक नव्हती.

खरं काय ते सांगू शकेल असा साइटवर एकच माणूस उरला होता. चौकशीच्या आदल्या दोन दिवसांत तुआन मला मेसमध्ये चार वेळा दिसला आणि चारही वेळा मी ताट उचलून दुसऱ्या टेबलावर गेलो. मुलगी बारावीला आहे, इकामा माझ्या नोकरीवर आहे, या वयात मला कोण घेणार, हे सगळं मी स्वतःला समजावलं. शारीकच्याही घरी पोरं आहेत, हे समजावायला कुणाची गरज नव्हती.

चौकशीला टेबलामागे चौघे होते. विवेक सर दिल्लीचे, सेफ्टी साहेब, आणि हेड ऑफिसचे दोघे. तुआनला समोर बसवलं. मला बाजूच्या खुर्चीवर.

"तुआन, हू चेक्ड द गॅस?" सेफ्टी साहेबांनी विचारलं.

तुआन टेबलावरच्या परमिटकडे बघत होता.

"डिड एनीबडी चेक द गॅस?"

तुआनने दोन्ही हात छातीशी बांधले. "सॉरी सर. नो इंग्लिश."

"ऑक्टोबरमध्ये तू माझ्याशी दहा मिनिटं बोललास," सेफ्टी साहेब इंग्रजीत म्हणाले. "तुझ्या मिरीबद्दलसुद्धा बोललास."

"नो इंग्लिश, सर."

विवेक सर माझ्याकडे वळले. "ज्ञानेश, तुमने पढाया था ना? तुम पूछो. आसान करके."

मला विचारावं लागलं. माझ्याच विद्यार्थ्याला, मीच शिकवलेल्या शब्दांत.

"तुआन. हू चेक द गॅस?"

त्याने वर बघितलं. रागाने नाही. राग असता तर मला बरं वाटलं असतं. तो वाट बघत होता, एवढंच मला दिसलं, आणि कशाची ते मी समजून घेतलं नाही. घ्यायचं नव्हतं. मग तो पुन्हा म्हणाला, "नो इंग्लिश."

आता गप्प राहिलो असतो तरी पुरलं असतं. पण सेफ्टी साहेब विचारत होते की मग हा माणूस परीक्षा पास कसा झाला, आणि माझं तोंड आपोआप उघडलं.

"सर, ही बायहार्टेड एव्हरीथिंग," मी म्हणालो. "नुसती पोपटपंची. प्रश्न-उत्तरं पाठ केली होती. ही डजन्ट अंडरस्टँड इंग्लिश, सर. नॉट वन सेंटेन्स."

तुआन माझ्यापासून हातभर अंतरावर बसला होता. माझं प्रत्येक वाक्य त्याला कळत होतं. त्याने मान खाली घातली, शुक्रवारी घालायचा तशीच.

अहवाल आठवड्यात आला. दोष शारीकचा, परवानगीविना आत उतरला. पिवळं कार्ड खोट्या तयारीवर मिळवलं म्हणून रद्द, आणि तुआनच्या पासपोर्टवर खुरूजचा, म्हणजे कायमचं परत पाठवण्याचा शिक्का. मला एक ताकीद, मीटर वेळेवर चार्ज करत जा म्हणून.

तो गेला त्या दिवशी सकाळी मी गेटवर गेलो. खजुराचा एक डबा नेला होता. आपण माणसं अशा वेळी काहीतरी खायचंच नेतो. बसमध्ये अजून सहाजण चढत होते, ड्रायव्हर सामान कोंबत होता. तुआनने डबा दोन्ही हातांनी घेतला. मला वाटलं तो आता शिव्या देईल, आणि खरं सांगतो, त्या ऐकायलाच मी गेलो होतो.

"तुआन, व्हाय?" मी विचारलं. "व्हाय यू डिड नॉट टेल?"

तो सावकाश बोलला, शब्द जुळवत, एकही अक्षर न गिळता.

"टीचर, इन माय कंट्री स्टुडंट डज नॉट टेल बिफोर टीचर. टीचर टेल्स फर्स्ट." त्याने डबा छातीशी धरला. "आय वेटेड फॉर यू."

ड्रायव्हरने दोनदा हॉर्न मारला. तुआन माझ्यापुढे वाकला, तसाच, वीस नोव्हेंबरसारखा, आणि बसमध्ये चढला. मी तिथेच उभा होतो. सेफ्टी साहेबांचं ऑफिस गेटपासून पन्नास पावलांवर आहे, आणि त्या वेळी दिवा लागलेला होता, ते आत होते.

मी मेसमध्ये जाऊन चहा घेतला.

त्याला आता चौदा महिने झाले. मागच्या महिन्यात व्हिएतनामचे नऊ जण नवे आले आणि विवेक सरांनी त्यांना शिकवायचं काम माझ्याकडेच दिलंय. म्हणाले, इस बार रट्टा मत लगवाना. शारीक मालेगावात ओट्यावर बसून असतो. झालं ते सगळं मी इथे खरं लिहिलं आहे, एक शब्द लपवलेला नाही, आणि मराठीत लिहिलं आहे, कारण त्या टेबलामागच्या चौघांपैकी एकालाही मराठी वाचता येत नाही.